पिठाचा बैल

श्रावणाची अमावास्या उजाडली, कीं वैनगंगेच्या दोन्ही कांठांवरील खेड्यांत एकच लगबग सुरू होते. जुन्या चांदा जिल्ह्याचे आज चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले आहेत. ही वांटणी २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाली. परंतु पोळ्याच्या दिवशीं ही सरहद्द कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या झाडीच्या मुलखांत धानाची रोवणी आटोपत आलेली असते. चिखलांत राबून बैल थकलेले असतात. पश्चिमेकडे वरोरा, भद्रावती या भागांत कपाशीच्या डवरणीचा जोर ओसरलेला असतो. त्या एका दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं, असा सर्वत्र दंडक आहे. आदल्या सायंकाळीं त्याचा खांदा गरम पाण्यानें शेकून तूप-हळदीनें चोळतात, आणि घरच्या पाहुण्याला द्यावें तसें दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आंवतण त्याला देतात. सकाळीं नदीवर किंवा तळ्यावर आंघोळ, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यांत घुंगरांच्या माळा, आणि शेवटीं पुरणपोळीचा घांस, असा त्या पाहुण्याचा थाट असतो.

हा झाला ज्याच्या गोठ्यांत बैल आहे त्याचा पोळा. ज्याच्या घरीं बैल नाहीं, त्यानें हा सण कसा करावा? या प्रश्नाला लोकांनीं फार पूर्वीं एक साधें उत्तर शोधून ठेवलें आहे. बैल नसेल तर तो करावा. मातीचा करावा, लांकडाचा करावा, आणि तेंहि जवळ नसेल तर चुलीपाशीं मळून ठेवलेल्या कणकेचा करावा. हें उत्तर वरकरणी पोरखेळासारखें दिसतें. पण त्याच्या मागें धर्मविचाराचा एक मोठा वाद उभा आहे, आणि तो केवळ आपल्याच देशांतला नाहीं.

बैल नसणें ही चांद्याकडे पूर्वीं किती जिव्हारीं लागणारी गोष्ट होती, हें कळण्यासाठीं पोळ्याची जुनी मांडणी पाहिली पाहिजे. मध्यप्रांतांतील जातिजमातींवर रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कुणब्यांच्या प्रकरणांत पोळ्याची हकीकत आहे. दोन खांबांच्यामध्यें आंब्याच्या पानांचें तोरण बांधीत. सर्वांच्या पुढें एक म्हातारा बैल असे. त्याच्या शिंगांवर मखर, म्हणजे खुंट्या असलेली आणि त्यांवर मशाली लावलेली लांकडी चौकट बांधीत. हा मखराचा बैल तोरण तोडून गांवाकडे धांव घेई, आणि त्याच्या मागून सगळीं गुरें उधळत. मखराचा मान मिळालेला बैल तीन वर्षांच्या आंत मरतो, अशी समजूत होती. त्याच्या मागें मालगुजारांचे बैल, आणि त्यांच्या मागें कुळांचे. कुळांमध्येंहि क्रम ठरलेला होता. तो पैशावरून जितका ठरे, त्याहून अधिक घराण्याच्या पिढीजाद मानावरून ठरे. आपली जोडी योग्य जागीं उभी राहिली नाहीं, तर कुणब्याच्या मनाला तें अतिशय लागे, असें त्या ग्रंथकारांनीं मुद्दाम नोंदविलें आहे.

म्हणजे तोरणाखालची रांग ही गांवाच्या प्रतिष्ठेची उघड्यावर मांडलेली वहीच होती. कोण पुढें, कोण मागें, हें तेथें सर्वांना दिसे. या वहींत ज्याचें नांव शेवटीं होतें, त्याला दुःख होई. पण ज्याचें नांव मुळींच नव्हतें, त्याचें काय? वर्षभर दुसऱ्याच्या नांगरामागें चालणारा सालदार, धानाच्या बांधींत वांकून रोवणी करणारी त्याची बायको, गुराखी, गांवचे कारागीर, यांपैकीं कित्येकांच्या दारीं बैल नव्हता. मालगुजारी नाहींशी करणारा कायदा १९५० सालीं झाला आणि १९५१ च्या मार्चअखेर ती पद्धति संपली. पण जमीन नसलेलीं घरें त्यानंतरहि उरलींच. अशा घरांतील माणसानें पोळा दुरून पाहावा आणि परतावें, असें मात्र झालें नाहीं. त्याच्या घरीं पाटावर दोन लहानसे बैल उभे राहिले. त्यांना हळदकुंकू लागलें, नैवेद्य मिळाला, आणि ज्या दिवशीं सगळा गांव बैलाची पूजा करतो त्या दिवशीं त्या घरींहि ती झाली.

या पाटावरच्या बैलांत मातीचा बैल सर्वांत सामान्य. पोळ्याच्या आधीं कुंभार ते करून विकतो. कणकेचा बैल मात्र बाजारांत मिळत नाहीं. तो घरच्या बाईच्या हातचा. कणीक घट्ट मळावयाची, सैल राहिली तर पाय वांकतात आणि बैल बसतो. लांबट गोळा घेऊन त्याचे चार पाय ओढावयाचे, पाठीवर चिमटीनें वशिंड उचलावयाचें, शिंगें दोन बोटांत वळावयाचीं. वशिंड आणि शिंगें जमलीं, कीं बाकीचा आकार कितीहि ओबडधोबड असला तरी पोर त्याला बैलच म्हणतें. भाजलेल्या कणकेची वऱ्हाड-नागपूर-चांद्याकडे कांहीं नवलाई नाहीं. गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे आणि पानांत गुंडाळून निखाऱ्यावर शेकलेले पानगे हें या प्रांताचें जुनें अन्न आहे. त्याच धगीवर पिठाचा बैल शेकला, तर तो कडक होतो आणि पोराच्या हातांत टिकतो. झाडीच्या मुलखांत पीक तांदळाचें. तेथें गव्हाची कणीक ही सणासुदीची वस्तु. श्रावणअखेर म्हणजे जुनें धान्य सरत आलेलें आणि नवें शेतांत उभें असलेलें, असे टंचाईचे दिवस. तेव्हां मूठभर कणीक बैलासाठीं बाजूला काढणें ही गरिबाच्या घरीं लहान गोष्ट नव्हती. मातीचा बैल खर्च करीत नाहीं. पिठाचा बैल घरच्या तोंडचा घांस घेऊन उभा राहतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. पिठाचें जनावर हें खऱ्या जनावराच्या जागीं चालतें काय? हा प्रश्न आपल्या प्राचीन ग्रंथकारांनाहि पडला होता, आणि त्यांनीं त्याला फार गंभीर उत्तर दिलें. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत एक कथा आहे. देवांनीं प्रथम मनुष्याचा बळी दिला, तेव्हां त्याच्यांतील यज्ञाला योग्य असें सत्त्व निघून घोड्यांत शिरलें. घोड्याचा बळी देतांच तें बैलांत गेलें. बैलांतून मेंढ्यांत, मेंढ्यांतून बोकडांत, आणि बोकडांतून निघून तें भूमींत शिरलें. देवांनीं भूमि खणून त्याचा शोध केला, तेव्हां तें त्यांना तांदूळ आणि जव या रूपानें सांपडलें. म्हणून या धान्याच्या पुरोडाशांत, म्हणजे यज्ञांतल्या भाजलेल्या रोटींत, त्या सर्व पशूंचें सामर्थ्य आहे, असें ब्राह्मणकार म्हणतात. एवढ्यावर ते थांबत नाहींत. कोरडें पीठ हे केस, त्यांत पाणी घातलें म्हणजे कातडें, मळलें म्हणजे मांस, भाजलें म्हणजे हाड, आणि वर तूप घातलें म्हणजे हाडांतील मज्जा, अशी जुळणीहि ते दाखवून देतात. कणीक मळणाऱ्या हाताला एवढा मान क्वचितच कोणी दिला असेल.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या कांडांत याहून जवळचा दाखला मिळतो. वरुणप्रघास नांवाचें एक पर्व पावसाळ्यांत करीत. त्यांत जवाच्या पिठाचा एक मेंढा आणि एक मेंढी करीत, आणि त्यांच्या अंगाला लोंकर चिकटवीत. याच पर्वांत पिठाचीं लहान लहान पात्रें करावयाचीं असत. घरांत जितकीं मुलें-माणसें असतील तितकीं पात्रें, आणि त्यांवर आणखी एक. हें एक अधिक कशासाठीं? तर अद्याप जन्माला न आलेल्या लेंकराचीहि वरुणाच्या पाशांतून सुटका व्हावी म्हणून. आणि या पात्रांची आहुति सुपांतून देण्याच्या कामीं यजमानाच्या पत्नीला भाग असे. पावसाळा, पिठाचीं जनावरें, घरची बाई आणि तिचीं लेंकरें, या चार गोष्टी येथें एकत्र आल्या आहेत. एवढ्यावरून चांद्याचा पोळा वैदिक काळापासून चालत आला, असें म्हणणें धाडसाचें होईल. तसा पुरावा नाहीं. परंतु पावसाच्या दिवसांत, रोगराईच्या आणि टंचाईच्या काळांत, लेंकरांच्या रक्षणासाठीं पिठाला आकार देण्याची कल्पना या भूमीला परकी नव्हती, एवढें यावरून निश्चित दिसतें.

ही कल्पना इतर देशांनाहि सुचली होती. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें मिसर देशाचें वर्णन लिहिलें आहे. तेथील लोक डुकराला अपवित्र मानीत. पण वर्षांतून एका पौर्णिमेला चंद्रदेवतेला डुकराचाच बळी देत. ज्यांना डुक्कर विकत घेण्याची ऐपत नव्हती, ते गरीब लोक कणकेचें डुक्कर करून भाजीत आणि तें अर्पण करीत, असें तो सांगतो. ग्रीसमध्यें अर्टेमिस या मृगयेच्या देवतेच्या सणाला कणीक, मध आणि तीळ यांचें हरणाच्या आकाराचें पक्वान्न करीत असत. मिसरचा तो गरीब आणि चांद्याचा सालदार यांच्यामध्यें सुमारें अडीच हजार वर्षांचें आणि हजारों मैलांचें अंतर आहे; तरी दोघांची अडचण एकच, आणि तिच्यावरचा तोडगाहि एकच. देवापुढें रिकाम्या हातानें जावयाचें नाहीं, आणि हातांत पिठाशिवाय कांहीं नाहीं.

मात्र येथें एक फरक लक्षांत घेतला पाहिजे. मिसरमधील डुक्कर किंवा यज्ञांतील पुरोडाश हा मारावयाच्या पशूच्या जागीं येतो. त्यामुळें आपल्याकडे या पिठाच्या पशूसंबंधीं पुढें निराळाच वाद माजला. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे, कीं मांसाची आसक्तीच आवरेना तर तुपाचा किंवा पिठाचा पशु करावा, पण व्यर्थ पशुहत्या करण्याची इच्छा कधींहि धरूं नये. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनीं यज्ञांत खऱ्या पशूच्या ऐवजीं पिष्टपशूचा पुरस्कार केला. हें शास्त्राला मान्य आहे कीं नाहीं, यावर पंडितांनीं पुढें मंडनाचे आणि खंडनाचे स्वतंत्र ग्रंथ लिहिले. आजहि महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं देवीपुढें बोकडाऐवजीं कोहळा कापतात. त्याच्या बुडाशीं हीच दृष्टि आहे.

जैन पंडितांना मात्र ही तडजोड पसंत पडली नाहीं. त्यांची यशोधर राजाची कथा प्रसिद्ध आहे. उज्जयिनीच्या या राजाला त्याच्या आईनें, चंद्रमतीनें, अशुभ टाळण्यासाठीं देवीला पशूंचा बळी देण्याचा आग्रह केला. राजा हिंसेला तयार होईना. शेवटीं आईच्या शब्दाखातर त्यानें पिठाचा कोंबडा करविला आणि देवीपुढें तो शस्त्रानें तोडला. पुढें राणीनें मायलेंकांना विष घालून मारलें. आणि त्या एका पिठाच्या कोंबड्याच्या पापापायीं दोघांना मोर, कुत्रा अशा पशुपक्ष्यांच्या योनींतून फिरावें लागलें. शेवटीं तीं दोघें खरोखरीच्या कोंबड्यांच्याच जन्माला आलीं आणि राजाच्या मुलाच्या बाणानें मेलीं. सोमदेव सूरीनें हीच कथा शके ८८१ मध्यें, म्हणजे इसवी सन ९५९ सालीं, आपल्या यशस्तिलक चंपूंत संस्कृतांत विस्तारानें सांगितली. त्याच शतकांत मान्यखेट येथें राहणाऱ्या पुष्पदंत कवीनें ती अपभ्रंश भाषेंत रचली. पुष्पदंताचें तें काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादिलें, आणि १९३१ सालीं तें विदर्भांतल्याच कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत छापून निघालें.

या कथेचा आशय कठोर आहे. कोंबडा पिठाचा होता, रक्त सांडलें नाहीं, कोणत्याहि जिवाला इजा झाली नाहीं. तरी पाप झालें. कारण तोडणाऱ्याच्या मनांत तो क्षणभर जिवंत होता, आणि तो जिवंत आहे असें मानूनच त्यानें शस्त्र उगारलें. पाप वस्तूंत नसून संकल्पांत आहे, हा त्या आचार्यांचा सिद्धान्त. यज्ञवाल्यांना आणि कोहळा कापणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला असेल. पण पोळ्याच्या पाटावर उभ्या असलेल्या बैलाला त्याची भीति वाटण्याचें कारण नाहीं. उलट त्याच्या बाजूनें इतका बळकट पुरावा दुसरा मिळणार नाहीं. संकल्पानें पिठाचा कोंबडा मारला असतां खऱ्याचें पाप लागत असेल, तर त्याच न्यायानें पिठाच्या बैलाची पूजा केली असतां खऱ्याचें पुण्य कां लागूं नये? ज्याच्या हातीं पीठ आहे आणि मनांत बैलाविषयीं कृतज्ञता आहे, त्याची पूजा मालगुजाराच्या पूजेहून तिळभर उणी ठरत नाहीं. चांद्याच्या शेतमजुरानें सोमदेवाचें नांव ऐकलें नसेल. पण तो वागला त्या सिद्धान्ताला धरूनच.

शिवाय पोळ्याचा बैल कोणाच्या बदल्यांत मरावयाचा नसतो. तो जेवावयाचा असतो. सुरीच्या जागीं येथें नैवेद्याचें ताट आहे. पिठाच्या जनावरांच्या जगभरच्या इतिहासांत ही दुसरी परंपराहि आहे, आणि ती बहुधा लेंकरांशीं जोडलेली असते. कुमाऊंच्या डोंगरांत मकरसंक्रांतीला गूळ घातलेल्या कणकेचे घुघुते नांवाच्या पांखराचे आकार तळतात. मुलें त्यांच्या माळा गळ्यांत घालतात आणि सकाळीं कावळ्यांना हांका मारून त्यांतला वांटा देतात. रशियांत वसंताच्या आरंभीं, मार्चच्या २२ तारखेस, चंडोल पक्ष्याच्या आकाराचे पाव भाजण्याची चाल आहे. स्वीडनमध्यें १३ डिसेंबरच्या सणाला केशर घातलेले वेटोळे पाव करतात. त्यांच्या नांवांत मांजर आहे. येथें कोणाची हत्या नाहीं कीं तिच्याबद्दलचें प्रायश्चित्तहि नाहीं. ऋतु पालटतो आहे, घरांत मुलें आहेत, आणि आईच्या हातांत कणीक आहे, एवढेंच त्याचें कारण.

पोळ्यालाहि मुलांचा असा वांटा फार दिवसांपासून मिळालेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर-चांदा भागांत तान्हा पोळा भरतो. मुलें चाकांचे लांकडी बैल सजवून दोरीनें ओढीत आणतात, आणि घरोघर फिरून बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागतात. ही चाल दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं नागपुरांत सुरू केली, असें परंपरेनें सांगतात. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालींच नागपूरकर भोसल्यांकडे आलें होतें. तें पुढें १८५४ सालीं त्यांच्या उरलेल्या राज्याबरोबर इंग्रजांकडे गेलें. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडांत पोळ्यालाच पोरा म्हणतात. तेथें मुलगे मातीचे बैल ओढतात आणि मुली मातीचीं भांडीं-जातीं मांडून संसार खेळतात. घरांत ठेठरी आणि खुरमी तळली जाते. तान्ह्या पोळ्याला मिळणाऱ्या पैशावर गोठ्यांतील बैलांच्या संख्येचा परिणाम होत नाहीं. तेथें मालगुजाराचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा दोघांचेहि बैल लांकडाचेच. आदल्या दिवशीं तोरणाखालीं जी रांग इतक्या कसोशीनें लावली जाई, ती दुसऱ्या दिवशीं मुलांनीं मोडून टाकलेली असे.

पिठाच्या बैलाचें खरें घर मात्र याहून आंत आहे, आणि तें या तिथीच्या नांवांतच दिसतें. पोळ्याची जी अमावास्या, तिलाच पंचांगांत पिठोरी अमावास्या म्हणतात. पिठोरी हें नांव पिठावरून पडलें. या दिवशीं मुलांबाळांच्या आयुष्यासाठीं आया चौसष्ट योगिनींची पूजा करतात. कोठें या योगिनी पिठाच्या करतात, तर कोठें त्यांचें चित्र भिंतीवर लावतात. म्हणजे एकाच दिवशीं पुरुष गोठ्यांत बैल पुजतात आणि बायका माजघरांत पिठाच्या देवता. शेताला बैल हवा आणि घराला लेंकरूं हवें. शेतकऱ्याच्या संसाराचे हे दोन खांब एकाच अमावास्येला पूजिले जावेत, यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

पिठोरीची कहाणी चांद्याच्या जंगलांत घडावी अशीच आहे. एका सुनेचें मूल दर श्रावणी अमावास्येला जन्मे आणि मरे. त्याच दिवशीं घरांत सासऱ्याच्या बापाचें श्राद्ध; ब्राह्मण उपाशीं परत जात. सातव्या वेळीं सासऱ्यानें तिला मेलेल्या लेंकरासह घराबाहेर काढलें. ती रानांत शिरली. तेथें झोटिंगाच्या बायकोनें तिला तिच्या जिवाचें भय सांगितलें. पण हिला जगावयाचेंच नव्हतें. तेव्हां तिला दया आली, आणि बेलाच्या झाडाखालीं रात्रीं पूजेला येणाऱ्या योगिनींची वाट तिनें दाखविली. सून झाडावर बसून राहिली. मध्यरात्रीं पूजा झाली, नैवेद्य निघाला, आणि अतिथि कोण आहे, अशी हांक आली. सून खालीं उतरून पुढें झाली. योगिनींनीं तिचीं सातहि मुलें जिवंत करून तिच्या पदरांत घातलीं, आणि ती घरीं परतली.

म्हणून पिठोरीच्या पूजेनंतर आई खीर-पुरीचें ताट डोक्यावर घेते आणि मागें वळून न पाहतां, अतिथि कोण, असें विचारते. मागें उभें असलेलें तिचें लेंकरूं, मी आहे, म्हणून उत्तर देतें आणि मागूनच तो घांस उचलतें. आपल्याच घरचें मूल, पण त्या क्षणीं तें पाहुणें आहे; देवानें पाठविलेलें, आणि परत नेण्याचा अधिकार त्याच्याकडे असलेलें. ज्या काळीं घरोघरीं दोन-तीन मुलें हातांतून जात, त्या काळीं या प्रश्नोत्तराचा अर्थ आईला समजावून सांगावा लागत नसे.

आतां आदल्या सायंकाळचें तें आंवतण आठवावें. खांदा चोळून झाल्यावर बैलालाहि पाहुणा म्हणूनच जेवावयास बोलावलेलें असतें. या अमावास्येला शेतकऱ्याच्या घरीं असे दोन अतिथि येतात, एक गोठ्यांतला आणि एक पाळण्यांतला. दोघांच्या जिवावर संसार चालतो, आणि दोघांच्या जिवाची शाश्वती माणसाच्या हातीं नाहीं. पिठाचा बैल या दोघांच्या बरोबर मध्यें उभा आहे. त्याचें रूप पहिल्या अतिथीचें. तो घडविला जातो दुसऱ्याच्या हौसेसाठीं. आणि घडविणारे हात दोघांनाहि घांस भरविणारे. म्हणून त्याला खऱ्या बैलाची गरिबाघरची नक्कल एवढेंच म्हणणें अपुरें आहे. जोडी दारीं असो वा नसो, पिठाशीं आणि लेंकराशीं त्याचें जें नातें आहे तें गोठ्यांतला बैल पुरवूं शकत नाहीं.

या नात्याची परीक्षा आजच्या काळांत होत आहे. गेल्या कांहीं दशकांत नांगरटीला आणि चिखलणीला ट्रॅक्टर आला. महाराष्ट्रांत ओढकामाच्या बैलांची संख्या घटत गेली. तोरणाखालच्या जोड्या कमी होत चालल्या. कांहीं गांवांत पोळ्याला ट्रॅक्टरलाच हार घालून पुजतात. ज्यांच्या घराण्याचा मान पूर्वीं रांगेच्या अग्रभागीं होता, त्यांच्याहि गोठ्यांत आतां खुंटे रिकामे दिसतात. शहरांतील सुशिक्षित घरांत तर बैल कधींच नव्हता. म्हणजे जी अडचण एके काळीं फक्त सालदाराची होती, ती आतां जवळजवळ सर्वांची झाली आहे. पोळ्याच्या दिवशीं बैल आणावा कोठून, हा प्रश्न आज मालगुजाराच्या नातवालाहि पडतो. त्याचें उत्तर त्याला ज्या घरांतून मिळावयाचें, त्या घराला त्याच्या आजोबांच्या वेळीं तोरणाखालीं जागा नव्हती.

गरिबानें नाइलाजानें शोधलेला उपाय सर्वांनीं उचलावा, असे प्रसंग इतिहासांत थोडे येतात. पिठाच्या बैलाच्या बाबतींत तसें घडूं लागलें आहे. मात्र बाजारांतला रंगीत बैल आणून पाटावर ठेवला, म्हणजे हें उत्तर पुरें झालें असें नव्हे. जुन्या पिठाच्या बैलांत तीन गोष्टी होत्या: टंचाईच्या दिवसांत घरच्या धान्यांतून काढलेला वांटा, आईच्या हाताची मळणी, आणि दुसऱ्याच्या जिवावर आपण जगतों याची आठवण. यशोधराच्या कथेनें शिकविलें तें येथेंहि खरें आहे. आकाराला महत्त्व संकल्पामुळें येतें. संकल्प नसेल, तर पिठाचा बैल हा एक रोडगा आहे, आणि तो असेल, तर एक रोडगाहि बैल होऊं शकतो.

येत्या श्रावणी अमावास्येला चंद्रपूरच्या परकोटाच्या आंत काय, किंवा मुंबई-पुण्याच्या चौथ्या मजल्यावर काय, एखादी आई कणकेच्या गोळ्याला चिमटीनें वशिंड काढील. जवळ बसलेलें मूल विचारील, कीं हा कोण? त्याला सांगण्यासारखें पुष्कळ आहे. पण प्रथम एवढेंच सांगावें, कीं हा आज आपल्याकडे जेवावयास आलेला आहे.